पट्टणशेट्टीबाईंचं दार

माझ्या बायकोनं, हौसानं, भांड्यांची तारेची घासणी हातात घेतली आणि मी मान उचलली.

मी सोप्यातल्या कॉटवर पडलेलो. पुढचं दार सताड उघडं. त्यातून अंगण, अंगणाच्या कडेचं माझं पत्र्याचं शेड आणि शेडपुढं दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकलेली सागवानी दाराची एक झडप, एवढं मला दिसत होतं. हौसानं पदर खोचला, घासणी बादलीत बुचकळली आणि कढईचं बूड घासावं तशी ती झडप घासायला लागली. ओल्या सागवानावर लोखंडी तार! उद्या सकाळी त्या लाकडावर तीळ पेरल्यासारखे काळे ठिपके उठणार, हे मला इथूनच दिसत होतं. 'अगं ए, ठेव ती घासणी!' एवढंच मला ओरडायचं होतं.

तोंडातून आलं, "बा... बाबा... बा."

"आले, आले," ती तिकडूनच म्हणाली, "जरा दम धरा. एवढं घासून हुतंय."

त्या उन्हाळ्यात शेडमध्ये काम करता करताच माझ्या अंगावरनं वारं गेलं होतं. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि वाचा गेली. ऐकू सगळं यायचं, कळायचं सगळं. डोक्यात वाक्यं अख्खीच्या अख्खी तयार असायची, पण जिभेपर्यंत येईस्तोवर त्यांचा भुसा व्हायचा. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत आकाराम सुताराची जीभ रंध्यापेक्षा धारदार म्हणून लोक हसायचे. त्या आकारामला आता लघवीला जायचं तरी 'बाबा', आणि मुंगी चावली तरी 'बाबा'.

ते दार होतं पट्टणशेट्टीबाईंचं. बाई हायस्कूलात मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी कडगाव रोडला लहानसं घर बांधलं आणि दाराला मात्र नवीन लाकूड घेतलं नाही. माहेरचं घर भावांनी विकलं, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली होती, ती म्हणजे पुढचं दार. त्या दारावर दर दोन-तीन दिवाळ्यांना ऑइलपेंटचा एक हात बसत गेलेला. वर आकाशी, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली हिरवा. कोरलेली वेलबुट्टी तर पार बुजून गेली होती; रंगाच्या साईखाली काय आहे ते बोटानंसुद्धा कळत नव्हतं.

मी कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून दोन्ही झडपांवर सोडला, रंग फुगवला आणि पट्टीनं खरवडून काढला. बघणाऱ्याला वाटतं, रंग निघाला म्हणजे काम झालं. पण खरं काम तिथून पुढं असतं. लाकडात मुरलेलं कॉस्टिक धुऊन काढावं लागतं, खाचांतला रंग टिपावा लागतो, खिळ्या-कड्यांचे काळे डाग उठवावे लागतात. ते नाही केलं तर लाकूड वाळल्यावर अंगावर पांढरी खार फुटते आणि वर कितीही झकास पॉलिश मारा, पापुद्र्यासारखं सुटून येतं. मी पाण्याची बादली भरायला वळलो, एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते दवाखान्याचं छत.

त्यामुळं दार तसंच राहिलं. काळपट, खरबरीत, अंगभर खार फुटलेलं. शेडच्या भिंतीला टेकून उभं, आणि मी इकडं कॉटवर आडवा.

बाई बघायला आल्या तेव्हा मोसंबी घेऊन आल्या. बराच वेळ माझ्याशी इकडचं तिकडचं बोलल्या, जसं काही मी उत्तर देतोय. मग उठताना हौसाला हळूच म्हणाल्या, "हौसाबाई, दाराचा विचार तुम्ही अजिबात करू नका. मी कोल्हापूरहून माणूस बोलावते, तो घेऊन जाईल. मेस्त्रींना बरं वाटू दे आधी."

"न्हाई न्हाई," हौसा म्हणाली, "दार आमीच दिऊ करून."

"अहो, पण करणार कोण?"

"ते करतील की. आन तोवर मी घासून-पुसून ठेवते. त्यात काय हाय? जल्मभर घासायचंच काम केलंय."

मी डोळे मिटून घेतले. आमच्या लग्नाला कैक वर्षं झाली होती, पण शेडमध्ये ती फक्त चहाचा कप ठेवायला यायची. कप ठेवायचा आणि मागं फिरायचं. आमच्याकडची रीतच तशी. आणि आता ही सागवानाला हात घालणार!

बाई गेल्यावर मी तोंड भिंतीकडं केलं, ते तिकडंच ठेवलं. हाताचा व्यायाम मी आधीच सोडला होता. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता दाबायला, तो कॉटखाली कुठंतरी गेला होता. आता जेवणही नकोसं झालं. हौसा दूधभाकरी कुस्करून चमचा पुढं करायची आणि मी ओठ घट्ट मिटायचो. चिडून नव्हे. आता पुरे, एवढंच वाटायचं. इचलकरंजीहून लेक येऊन रडून गेली, तिच्यासाठी चार घास खाल्ले. ती एस.टी.त बसली आणि मी पुन्हा दात आवळले.

दोन दिवस हौसानं समजूत घातली, देवाच्या शपथा घातल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं चमचा वाटीत आपटला.

"मरायचंय का तुमास्नी? मरा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "पर त्या मास्तरणीचं दार अर्धं टाकून मरू नगासा. माणसं म्हणतील, आकाराम सुतार गेला आन दार नासवून गेला. मी घेते घासाय. बघत बसा."

आणि तिनं खरंच शेजारच्या पोरांना हाक मारून झडप घोड्यांवर आणवली, माझ्या कॉटचं तोंड अंगणाकडं करून घेतलं आणि तारेची घासणी हातात घेतली.

तर ती घासत होती आणि मी 'बाबा' करत होतो. खाचांतला हिरवा रंग घासणीनं निघेना. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, इकडं तिकडं बघितलं, शेडमध्ये गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आली. तो डबा मी फळीच्या मागच्या बाजूला ठेवायचो. त्यात उरलेलं कॉस्टिक होतं.

"धुण्याचा सोडा हाय वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली. झाकण उघडलं आणि डबा उपडा करून निम्म्याच्या वर बादलीत ओतला. काठीनं ढवळलं. बादलीतून वाफ निघाली. "अगं बया, तापलं की पाणी!" म्हणाली, आणि ते निवेपर्यंत थांबून फडकं बुडवलं, हातानं पिळलं आणि दारावर फिरवायला लागली. उघड्या हातानं.

कॉस्टिक आधी काही बोलत नाही. बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं, एवढंच. जळतंय हे कळेपर्यंत कातडं गेलेलं असतं. माझ्या डोक्यात शब्दांची नुसती चेंगराचेंगरी झाली. हात, कॉस्टिक, धू, सोड, हौसा. एकही बाहेर येईना. आणि त्या गर्दीतून कसा कोण जाणे, एकच शब्द सुटला.

"पाणी!"

हौसाच्या हातातलं फडकं गळून पडलं. ती धावत सोप्यात आली.

"काय म्हणालासा? पाणी म्हणालासा? आगा बाई, बोललासा की!" तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पदराला हात पुसून तिनं घागरीतनं तांब्या भरला आणि माझ्या ओठाला लावला. "घ्या. प्या. मला म्हायती हुतं, वाचा येणार म्हणून!"

तांब्या धरलेली तिची बोटं माझ्या डोळ्यांपुढं होती. शेंडे पांढरे पडले होते, सुरकुतले होते. मी डाव्या हातानं तांब्याला फटका मारला. सगळं पाणी तिच्या हातांवर, लुगड्यावर, कॉटवर.

"पाणी!" मी ओरडलो.

"दिलं की! सांडलासा की तुमी!"

"पाणी! पाणी!" मी हात लांब करून अंगणातला पाण्याचा हौद दाखवायला लागलो. हौद शेडच्या कडेला, दाराच्या बरोबर मागं. तिनं बोटाच्या रोखानं बघितलं आणि तिला दार दिसलं.

"दारावर पाणी वतू म्हणतायसा? वतते की. तेच चाललंय."

आणि ती पुन्हा गेली, पुन्हा त्या बादलीत हात घातला.

त्यानंतर मी काय केलं ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. कॉटवरून मी खाली पडलो. उजवी बाजू पोत्यासारखी होती, ती डाव्या कोपरानं ओढत उंबऱ्यापर्यंत आलो, उंबरा ओलांडला, पायरीवरून घसरलो. हनुवटी फुटली. हौसानं आवाज ऐकून मागं बघितलं तेव्हा मी अंगणाच्या निम्म्यात होतो. ती "अहो, अहो" करत धावली, तर मी तिच्या लुगड्याचा काठ धरून तिला ओढली, आणि सापडली तशी लाथ बादलीला मारली. धड असलेल्या पायानं मारलेली लाथ ती, बादली पार चाफ्याच्या आळ्यापर्यंत गेली.

"बरं, बरं!" हौसा रडतच ओरडली. "न्हाई लावत हात तुमच्या दाराला! लाकडासाठी एवढं? जीव देतायसा लाकडासाठी?"

नशीब म्हणून त्याच वेळी दस्तगीर मुल्ला आला. दस्तगीरचं रंगाचं दुकान. माझा जुना दोस्त, दुपारची पेठ थंडावली की एक चक्कर माझ्याकडं टाकायचा. त्यानं अंगणात पडलेला मी बघितला, लवंडलेली बादली बघितली, आणि मग डबा बघितला.

"वहिनी! कॉस्टिक हाय ते! हात बघू!"

त्यानं तिला मनगटाला धरून हौदाकडं नेलं आणि हात पाण्यात बुडवून धरले. तिच्या हातांवर तो तांब्यावर तांब्या ओतत होता आणि ती "मला काय हुतंय, त्यांना बघा, त्यांना उचला," म्हणत होती. मग जळजळ सुरू झाली आणि तिचं बोलणं थांबलं. मी जमिनीवर पडल्या पडल्या बघत होतो. दस्तगीर थांबला की मी म्हणायचो, "पाणी." तो पुन्हा ओतायचा.

डॉक्टरांनी मलम दिलं. म्हणाले, वेळेवर धुतले म्हणून थोडक्यात भागलं, नाहीतर बोटं कामातून गेली असती. माझ्या हनुवटीला टाके पडले. संध्याकाळी दस्तगीर कॉटजवळ बसून हसायला लागला.

"आयला, काय माणूस हाय बघा वहिनी! बायकोनं हातापाया पडून सांगितलं, खाईना. पोरगी रडली, बोलंना. आन दाराला जरा वंगाळ हात लागला तर गडी उंबरा वलांडून भाईर!"

हौसा हसली नाही. मलम लावलेली बोटं मांडीवर पसरून ती माझ्याकडं बघत होती. मला सांगायचं होतं. तोंड उघडलं तर आलं, "पाणी." तिनं निमूट तांब्या आणून दिला. मी प्यायलो. दुसरं काय करणार?

पण त्या रात्री भाकरीचा घास तिनं पुढं केला तेव्हा मी तोंड उघडलं.

चार-पाच दिवसांनी बोटांवर खपली धरली. एक दिवस ती स्वयंपाकघरातून "आई गं!" करत बाहेर आली. हात पुढं धरलेले, बोटं लालभडक. मला वाटलं, रक्त. पण ते रक्त नव्हतं. आमटीला हळद टाकताना हात माखला होता, आणि तोच हात तिनं दाराच्या त्या कॉस्टिक मुरलेल्या फडक्याला पुसला होता. हळद कुंकवासारखी लाल झाली होती.

मी ते बघत राहिलो. ती पण बघत राहिली. मग ती आत गेली, वाटीत पाणी आणलं, ओलं कापड दाराच्या खाचांतून फिरवून त्यात पिळलं आणि चिमूटभर हळद टाकली. वाटी लाल झाली.

"म्हंजे अजून त्यात जहर हाय," हौसा म्हणाली. "आन ज्या दिवशी हळद पिवळी ऱ्हाईल त्या दिवशी दार धुतलं गेलं. व्हय का न्हाई?"

उभ्या जन्मात हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आम्ही धुतलेलं पाणी जिभेच्या टोकाला लावून बघायचो, बापानं शिकवलं तसं. मी मान हलवली. हो. अगदी हो.

त्यानंतर दस्तगीरनं रबरी हातमोजे आणून दिले, आणि घरात एक नवीनच भांडण सुरू झालं. हौसा दार धुवायची. मी आधी कॉटवर बसून बघायचो, मग कॉट दाराशी आला, मग खुर्ची अंगणात आली. कारण ती चुका करायची. पाणी ओतायचं राहिलंय, तर ही फडकं घेऊन पुसायलाच लागायची. मी "पाणी!" म्हणून ओरडायचो. वाटीतली हळद लाल व्हायची, मग नारिंगी, आणि मग एक दिवस पिवळी ती पिवळीच राहिली. त्या दिवशी आम्ही दोघांनी त्या वाटीकडं बारशाला पाळण्याकडं बघतात तसं बघितलं.

मग तिनं ओली झडप उचलून उन्हात ठेवायला सुरुवात केली. भर वैशाखातलं ऊन! सागवान असलं म्हणून काय झालं, असं एकदम भाजलं तर तडकणारच. मी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. "सा... सा..." ती म्हणाली, "साप? कुठाय साप?" आणि एक पाय वर घेऊन उभी राहिली. मी इतका चिडलो की तो शब्द धडधडीत बाहेर पडला, "सावली!"

"मग तसं म्हणा की," ती म्हणाली आणि झडप सावलीत घेतली.

पॉलिश पेपर तिनं हातात घेतला तो दिवस तर मी विसरणार नाही. लाकूड घासायचं ते रेषेच्या बाजूनं, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हिनं कागद घेतला आणि आडवा. अंगण झाडल्यासारखी ह्या टोकापासून त्या टोकाला आडवी घासत सुटली.

"आयला!" मी म्हणालो. स्वच्छ. खणखणीत. झटका यायच्या आधी म्हणायचो तस्सं.

हौसानं मागं वळून बघितलं. "काय म्हणालासा?"

"आयला! उभं! उभं घास, उभं!"

"मला काय कळतंय? कसं उभं, ते दाखवा."

मी काठी घेतली. दस्तगीरनं आणून दिली होती, तोवर हात लावला नव्हता. काठीच्या आधारानं उठलो, खुर्चीपासून घोड्यापर्यंत चार पावलं आलो, आणि डाव्या हातात कागद घेऊन रेषेनं एक हात ओढला. वाकडा गेला. पुन्हा ओढला. डाव्या हातानं काम म्हणजे परक्याच्या घरात रांगोळी काढण्यासारखं. हौसा शेजारी उभी होती. तिनं तिचा हात माझ्या हातावर ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून ती पहिली पट्टी घासली.

पुढचं काम रोजचंच झालं. खाचांतला हिरवा रंग तिनं बांबूच्या कामटीनं आणि जुन्या टूथब्रशानं टिपून टिपून काढला, वेलीचं पान न् पान मोकळं केलं. खिळ्यांचे आणि तिच्या घासणीचे काळे डाग होते, त्यांच्यावर दस्तगीरकडची ऑक्झॅलिकची पूड गरम पाण्यात विरघळवून लावली, हातमोजे घालून. मी डबा दाखवायचो, ती नाव विचारायची, मला नाव यायचं नाही, ती वासावरून आणि रंगावरून ओळखायची. डाग राखाडी झाले, मग चहाच्या रंगाचे, मग लाकडात मिसळून गेले. कडीच्या भोवतीचा काळा घेर मात्र सोडेना. तिथं लोखंड पिढ्यान् पिढ्या लाकडाला चिकटून बसलं होतं. हौसा रोज त्याच्यावर ओल्या कापडाची घडी ठेवायची, दुसऱ्या दिवशी धुवायची, पुन्हा ठेवायची.

"ऱ्हाऊ दे," मी एकदा म्हणालो. माझे शब्द आता दोन-दोन, तीन-तीन यायला लागले होते.

"का ऱ्हाऊ दे? निघतंय की. कालच्यापेक्षा कमी हाय का न्हाई, बघा."

कमी होतं. शेवटी गेलंच ते. मग शेवटचं पाणी, सावलीतलं वाळवणं, बारीक कागद, आणि लाखेच्या चपड्याचं पॉलिश. पॉलिशचा बोळा फिरवायला मी तिला शिकवलं असं गावभर सांगितलं जातं. खरं म्हणजे मी नुसता "हळू", "हळू" म्हणत होतो. बोळा तिच्या हातात असा फिरला, जसा तो आधीपासून तिचाच होता.

दार टेम्पोतून कडगाव रोडला गेलं. बसवलं तेव्हा मी बाईंच्या अंगणात खुर्चीवर होतो. बाई दारापुढं उभ्या राहिल्या. वेलीवरून बोट फिरवत खालपासून वरपर्यंत गेल्या. वेलीच्या मध्ये एक पोपट निघाला होता, चोचीत आंब्याची डहाळी धरलेला. रंगाखाली तो कधीचा बसलेला, कुणालाच ठाऊक नव्हता.

"मी ह्या दारातच लहानाची मोठी झाले," बाई म्हणाल्या. "हा पोपट मी आज बघतेय." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "मेस्त्री, हे सगळं डाव्या हातानं केलंत?"

मी हौसाकडं बोट दाखवलं. नाव घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. नावं फार दिवस अवघड गेली मला. म्हणालो, "हिनं."

हौसा लाजून पोपटाकडं बघायला लागली.

तिथून पुढं शेड दोघांचं झालं. माझा उजवा हात काही आला नाही, पण जीभ हळूहळू आली, पूर्वीची धार जाऊन. जुन्या लाकडाचं काम घेऊन माणसं यायची, ती मेस्त्री आहेत का विचारायची, आणि बाहेर हौसा यायची. काही बिचकायची, काही दार बघून आलेली असायची. दस्तगीर दुकानात सगळ्यांना सांगायचा, "आकारामला लाकडानं उठवलं. लाकडाच्या मायेनं माणूस जिता झाला." ऐकून ऐकून ते गावाचंच म्हणणं होऊन गेलं.

माझ्या मनात मात्र एक प्रश्न होता. पण तो लांबलचक होता, आणि इतका लांब प्रश्न विचारायला पुरतील एवढे शब्द गोळा व्हायला मला काही वर्षं लागली. एकदा दुपारी शेडमध्येच जेवायला बसलो होतो. तिनं सकाळी एका खुर्चीचं घासकाम केलं होतं, एकही हात आडवा नाही, डोळे मिटून केल्यासारखं साफ.

मी म्हणालो, "हौसे. ते बाईंचं दार. ऊन. आन तो कागद... आडवा. तुला ठावं न्हवतं? खरंच?"

ती भाकरी मोडता मोडता थांबली.

"रोज चहा घेऊन येत हुते की शेडात," ती म्हणाली. "कप ठेवून जात हुते, पर डोळं काय घरात ठेवून येत हुते? लाकूड कसं घासत्यात ते म्हायती हुतं मला."

"मग?"

"पयल्या दिवशी खरंच चुकलं. ती घासणी आन तो डबा, ते खरंच कळलं न्हाई. त्याच्या म्होरलं मुद्दाम." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "तो कागद हातात घेऊन बघितला न्हाईसा तुमी. पार गुळगुळीत झालेला टाकाऊ तुकडा हुता. त्यानं काय लाकूड खरडणार! आन झडप उन्हात निस्ती धरली हुती, ठेवली न्हवती."

मी हसायला लागलो. ठसका लागला, तिनं पाठीवर थापटलं.

"मग काय करणार हुते?" ती म्हणाली. "माझ्यासाठी तुमी तोंड उघडंनासा. पोरीसाठी उघडलं ते चार घासापुरतं. लाकडासाठी फरफटत भाईर आलासा. म्हटलं, असंना का लाकडासाठी. मग लाकडालाच तरास देऊ, म्हंजे हा माणूस उठंल."

माझं हसू जागच्या जागी थांबलं.

म्हणजे मी लाकडासाठी उठलो, तिच्यासाठी नाही, हे एवढी वर्षं ती मनात घेऊन वावरली होती. दस्तगीर पेठेत ते सांगून हसायचा तेव्हा, लोक कौतुक करायचे तेव्हा, ती शेजारी उभी राहून ऐकायची.

मी भाकरी खाली ठेवली. डोक्यात वाक्य तयार होतं, भुसा होऊ न देता ते जिभेपर्यंत आणायचं होतं. मी तिचं मनगट धरलं. बोटांच्या शेंड्यांवरचं कातडं अजून बाकीच्यापेक्षा तुकतुकीत होतं.

"दारासाठी न्हाई," मी म्हणालो. "हे. तुझं हात. हातासाठी आलो मी."

तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"तू हात घातलास. बादलीत. कॉस्टिक. मला... सांगता येईना. पाणी म्हणालो. हातावर पाणी. हौद... दाखवत हुतो. तुला दार दिसलं."

शेडच्या पत्र्यावर चिमण्यांची पळापळ चालली होती. मी न धरलेल्या हातानं हौसानं पदर तोंडावरून फिरवला.

"दस्तगीरभावजींना सांगायला पायजे," ती म्हणाली, आणि नाक ओढलं. "गावभर दार-दार करत हिंडतोय त्यो."

"आन... अजून?" मी विचारलं. "अजून काय काय केलंस मुद्दाम?"

तिनं जरा विचार केला. माझ्या ताटातली भाकरी उलटून बघितली, गार झाली होती, ती बाजूला काढून आपल्या ताटातली ऊन चतकोर माझ्याकडं सरकवली.

"लगीन आई-बापानं लावलं," हौसा म्हणाली. "त्याच्या म्होरलं समदं मुद्दामच. जेवा आता."